बाऊल गेम: जत्रेतली कुस्ती, अमेरिकन कॉलेज आणि आपला वेस्ट झोन

आज क्रिकेट नाही, प्रो कबड्डी नाही, आयपीएलचा लिलावही नाही. आज अमेरिकन कॉलेज फुटबॉल. थांबा, लगेच बंद करू नका. मलाही त्या खेळातलं फार कळत नाही आणि मी तुम्हाला त्याचे नियम शिकवणार नाहीये. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. सीझन संपल्यावर दोन विद्यापीठांच्या टीम एक मॅच खेळतात. जिंकलं तर पुढची फेरी नाही, हरलं तर बाहेर जाणं नाही, कारण बाहेर जायला स्पर्धाच शिल्लक नसते. त्या मॅचला म्हणतात बाऊल गेम. आणि हे सगळं मी हिंगोलीत बसून का बोलतोय, ते एपिसोडच्या शेवटच्या भागात कळेल.

सुरुवात ऑफिसपासून. डिसेंबर २०२३. मी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी, हिंगोलीला आलो होतो. संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटकडचा एक सिनियर म्हणाला, पुढचे चार दिवस मी नाही, पॉप-टार्ट्स बाऊलला चाललोय. मी म्यूटवर होतो. आई शेजारी मेथी निवडत होती, तिनं विचारलं, काय म्हणतोय गोरा? मी म्हटलं, बिस्किटाची वाटी बघायला विमानानं चाललाय. आई म्हणाली, जाऊ दे बाबा, ज्याची त्याची हौस.

पॉप-टार्ट म्हणजे आत जॅम भरलेली चपटी गोड पेस्ट्री. टोस्टरमध्ये घालायची आणि नाश्त्याला खायची. ही कंपनी त्या मॅचची स्पॉन्सर. २८ डिसेंबरला ओरलँडोमध्ये कॅन्सस स्टेटनं नॉर्थ कॅरोलिना स्टेटला २८-१९ असं हरवलं. मग मैदानावर एक भलामोठा टोस्टर आणला. माणसाएवढा पॉप-टार्टचा पुतळा, म्हणजे आत माणूस असलेला, हात हलवत त्या टोस्टरमध्ये गेला आणि खालून भाजलेला खराखुरा मोठा पॉप-टार्ट बाहेर आला. जिंकलेल्या पोरांनी तो तोडून खाल्ला. आपल्याकडे तेव्हा २९ तारखेची सकाळ. मी चहा पीत मोबाईलवर ती क्लिप बघितली, आणि मला वाटलं, हे लोक वेडे तरी आहेत नाहीतर मला काहीतरी कळलेलं नाही.

कळलेलं नव्हतं. म्हणून शोधत बसलो.

आधी नाव. 'बाऊल' म्हणजे वाडगाच, पण तो स्टेडियमचा आकार आहे. १९१४ मध्ये येल विद्यापीठानं एक स्टेडियम बांधलं, चारही बाजूंनी वर चढत गेलेलं, वाडग्यासारखं. नाव पडलं येल बाऊल. त्याच धर्तीवर कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावात १९२२ मध्ये स्टेडियम झालं, रोझ बाऊल. त्या स्टेडियममधल्या १ जानेवारीच्या मॅचलाही लोक रोझ बाऊल म्हणायला लागले. मग बाकीच्या गावांनी स्टेडियमचा आकार काहीही असो, मॅचला बाऊल म्हणायला सुरुवात केली. ऑरेंज बाऊल, शुगर बाऊल, कॉटन बाऊल. जिथं जे पिकतं ते नाव. ह्या हिशोबानं आपल्या वसमतला हळद बाऊल व्हायला हरकत नाही.

मॅच मात्र स्टेडियमपेक्षा जुनी आहे, आणि ती सुरू का झाली हे खरं बघण्यासारखं आहे. पॅसाडेनामध्ये १८९० पासून नव्या वर्षाला फुलांची मिरवणूक निघायची. कारण साधं: अमेरिकेच्या पूर्वेकडे बर्फ पडलेला असतो आणि आमच्याकडे बघा, जानेवारीत गुलाब फुलतात. या, फिरा, जमीन घ्या, राहा. मिरवणुकीला अजून गर्दी व्हावी म्हणून कमिटीनं १ जानेवारी १९०२ ला फुटबॉलची मॅच ठेवली. मिशिगन विद्यापीठाला लांबून बोलावलं, समोर स्टॅनफर्ड. मिशिगननं ४९-० केलं, आणि अजून काही मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डवाल्यांनीच सांगितलं की बास, आता थांबवू. कमिटीला ही एकतर्फी मॅच इतकी नको झाली की पुढची बरीच वर्षं त्यांनी फुटबॉलच बंद ठेवला. त्याऐवजी रथांच्या शर्यती लावल्या. हो, घोड्यांचे रथ. फुटबॉल परत आला तो १९१६ ला.

इथं माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अरे, ही तर जत्रेतली कुस्ती!

आपल्याकडे गावोगावी जत्रा असते. देवाची पालखी असते, पाळणे असतात, जिलेबी-भज्याची दुकानं असतात, आणि शेवटी कुस्त्यांची दंगल. तिथं कमिटी असते. कमिटी पैलवानांना बोलावणं धाडते, बरोबरीची जोड लावते. नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, चिल्लीपिल्ली लढतात, आणि शेवटची मानाची कुस्ती मोठ्या इनामाची. इनाम कुणाचं? अमुक आडत दुकानाचं, तमुक भाऊसाहेबांचं, माईकवर तीनदा नाव घेऊन. ती कुस्ती जिंकली म्हणून कुणी महाराष्ट्र केसरी होत नाही. महाराष्ट्र केसरी वेगळी, तिथं १९६१ पासून फेऱ्या आहेत, गट आहेत, हरला की घरी. जत्रेतली कुस्ती जत्रेसाठी असते. गावात माणूस यावा, दोन दिवस राहावा, खर्च करावा, गावाचं नाव व्हावं.

बाऊल गेम हे तेच, फक्त टीव्ही लावलेलं.

ह्या चष्म्यातून बघितलं की सगळं सरळ दिसतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती, हॉटेलं रिकामी. तेव्हाच ऑरेंज, शुगर आणि सन हे तीन बाऊल १९३५ ला सुरू झाले, कॉटन १९३७ ला. सगळी उबदार हवेची, हिवाळ्यात पाहुणे हवे असलेली शहरं. आज असे ४० च्या आसपास बाऊल आहेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर टीम साधारण १२ मॅच खेळते. त्यातल्या ६ जिंकल्या की बोलावणं यायला पात्र. म्हणजे निम्म्या जिंका, जत्रेत या. इनामवाले पण तसेच: एक बटाट्याचा बाऊल आहे, तिथं जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर फ्रेंच फ्राईज ओततात. एक मेयोनीजचा आहे, तिथं काय ओततात ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. आणि डझनाहून जास्त बाऊल तर ईएसपीएन ह्या स्पोर्ट्स चॅनेलच्याच मालकीचे आहेत. मॅच दाखवायला हवी, तर मॅचच आपली करून टाकली. स्टेडियम अर्धं रिकामं दिसलं तरी चालतं, सुट्टीच्या दिवसांत घरी सोफ्यावर बसलेला माणूस बघतोच.

आता तुम्ही विचाराल, मग चॅम्पियन कसा ठरतो? ऐका, हसू नका. कित्येक दशकं पेपरवाले ठरवायचे. १९३६ पासून एपी ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घेऊन क्रमवारी लावते. पुढं कोच लोकांची वेगळी मतमोजणी सुरू झाली. १९९७ च्या सीझनला पत्रकार म्हणाले मिशिगन एक नंबर, कोच म्हणाले नेब्रास्का. मिशिगन रोझ बाऊल जिंकलेलं, नेब्रास्का ऑरेंज बाऊल जिंकलेलं, दोघंही एकसुद्धा मॅच न हरलेले, आणि एकमेकांशी खेळायची सोयच नाही, कारण दोघांना वेगवेगळ्या जत्रेचं बोलावणं. कल्पना करा, आपल्या राज्याचा कबड्डी विजेता कोण, हे पेपरचे संपादक ठरवतायत आणि दोन पेपरांनी दोन नावं छापलीत. चावडीवर वर्षभराची सोय.

ह्यावर तोडगा म्हणून १९९८ पासून एक सिस्टीम आणली, तिचं नाव बीसीएस. मतं अधिक कॉम्प्युटर. इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण कॉम्प्युटर म्हणजे सहा वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले सहा प्रोग्राम, आणि त्यातल्या बहुतेकांचा फॉर्म्युला गुप्त! वेस्ली कॉली नावाच्या शास्त्रज्ञानं मात्र स्वतःची पद्धत उघडपणे मांडली होती. डिसेंबर २०१० मध्ये त्याच्या डेटात एका छोट्या मॅचचा निकाल टाकायचा राहून गेला. एका पत्रकारानं बाहेरून हिशोब मांडून ती चूक पकडली. दुरुस्त केल्यावर दहाव्या-अकराव्या नंबरच्या टीमची अदलाबदल झाली, बोईझी स्टेट वर आणि एलएसयू खाली. ज्याचा कोड उघडा होता त्याची चूक सापडली. बाकीच्या पाच जणांच्या कोडमध्ये काय होतं, बघायची सोयच नव्हती. आम्ही ऑफिसमध्ये एका बटणाचा रंग बदलायचा तरी दोन जणांकडून कोड तपासून घेतो, आणि ह्यांनी देशाचा चॅम्पियन बंद डब्यावर सोडलेला. असो. २०१४ पासून चार टीमची बाद फेरी आली, २०२४ पासून बारा टीमची. रोझ, शुगर, ऑरेंज असे जुने मोठे बाऊल आता त्या बाद फेरीच्याच मॅच म्हणून वापरतात. उरलेले तीसेक मात्र अजून जत्राच.

इथपर्यंत गंमत होती. आता गुडघ्याची गोष्ट.

१ जानेवारी २०१६, फिएस्टा बाऊल. नोत्र दाम विरुद्ध ओहायो स्टेट. नोत्र दामचा जेलन स्मिथ, विशीतला पोरगा, डिफेन्समधला त्या वर्षीचा देशातला सगळ्यात चांगल्या खेळाडूंपैकी एक. तीन-चार महिन्यांनी व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट होता. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची निवड, जितका वरचा नंबर तितका जास्त पैसा, आणि तो पहिल्या पाचात जाणार असं लोक धरून चालले होते. त्या मॅचमध्ये त्याच्या गुडघ्याचे दोन लिगामेंट तुटले, वर नसेला इजा झाली, पाऊल नीट उचलेना. ड्राफ्टमध्ये तो ३४ वा गेला. २०१६ चा अख्खा सीझन तो खेळू शकला नाही. नंतर तो परत आला, चांगला खेळला, मोठा करारही मिळाला. पण ज्या मॅचनं हे झालं त्या मॅचवर चॅम्पियनशिप अवलंबून नव्हती. ती जत्रेची कुस्ती होती.

पोरं बघत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दोन मोठ्या खेळाडूंनी सांगून टाकलं की आम्ही बाऊल खेळणार नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मकॅफ्रीनं सन बाऊल सोडला, एलएसयूच्या लेनर्ड फोर्नेटनं सिट्रस बाऊल. केवढा गदारोळ! टीमला सोडून गेले, स्वार्थी पिढी, आमच्या वेळी असं नव्हतं. हे वाक्य सगळ्या देशांत सारखंच असतं वाटतं. एप्रिल २०१७ च्या ड्राफ्टला फोर्नेट चौथा गेला आणि मकॅफ्री आठवा. त्यानंतर हा पायंडाच पडला.

कुठपर्यंत? डिसेंबर २०२३ ला फ्लोरिडा स्टेटनं १३ पैकी १३ मॅच जिंकल्या होत्या, तरी निवड समितीनं त्यांना बाद फेरीत घेतलं नाही, त्यांचा मुख्य खेळाडू जखमी होता म्हणून. त्यांना ऑरेंज बाऊल दिला, समोर जॉर्जिया. फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू त्या मॅचला आलेच नाहीत. कुणी ड्राफ्टसाठी थांबलं, कुणी दुसऱ्या विद्यापीठात चाललं होतं, कुणी जखमी. निकाल ६३-३. आणि डिसेंबर २०२५ ला तर नोत्र दामनं, बाद फेरीत घेतलं नाही म्हटल्यावर, बाऊलचं बोलावणंच नाकारलं. कुठल्या बाऊलचं? त्याच पॉप-टार्टच्या.

पोरांना स्वार्थी म्हणायच्या आधी एक हिशोब लक्षात घ्या. २०२१ च्या जुलैपर्यंत ह्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून एक डॉलरसुद्धा कमवायची परवानगी नव्हती. कोचला कोट्यवधींचा पगार, चॅनेलला जाहिराती, गावाला हॉटेलचा धंदा, आणि मैदानात डोकं फोडून घेणाऱ्याला शिष्यवृत्ती, बाऊलला गेला तर भेटवस्तूंची पिशवी. त्या पिशवीला पण नियमानं मर्यादा, एका बाऊलकडून ५५० डॉलरपर्यंत. मग कोर्टकज्जे झाले, नियम बदलले. जून २०२५ ला एका मोठ्या खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, एका विद्यापीठाला वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. म्हणजे आता कुठं जत्रेच्या कमिटीनं पैलवानाला विचारलं, तुझं काय?

आता या आपल्याकडे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातला कॉलेजचा पोरगा विद्यापीठाकडून खेळायचं म्हणतो तेव्हा त्याचा रस्ता असा असतो. हिंगोली, नांदेड, परभणी, लातूर ह्या चार जिल्ह्यांचं मिळून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेडला, १९९४ पासूनचं. आधी कॉलेजची टीम. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यातून निवड, कॅम्प, आणि विद्यापीठाच्या टीममध्ये नाव. मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, जी भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू घेते. देशाचे चार झोन. आपण वेस्टमध्ये, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशासोबत. कबड्डीसारख्या खेळात झोनमधल्या पहिल्या चार टीम ऑल इंडियाला जातात. बोलावणं नाही, ड्राफ्ट नाही, संपादकांचं मत नाही. जिंका आणि पुढं जा, नाहीतर रात्रीच्या गाडीनं परत.

आणि हे काही आजचं नाही. क्रिकेटची आंतरविद्यापीठ स्पर्धा, रोहिंटन बारिया ट्रॉफी, १९३५-३६ पासूनची आहे. सुनील गावसकरनं १९७० मध्ये मुंबई विद्यापीठाकडून ह्याच आंतरविद्यापीठ क्रिकेटमध्ये ३२७ केले आणि पुढच्याच वर्षी तो वेस्ट इंडिजला गेला. तेव्हा विद्यापीठाची टीम ही भारतीय टीमची पायरी होती. आज ती पायरी क्रिकेटमध्ये फारशी उरली नाही, बाकी खेळांत आहे. २०२० ला भुवनेश्वरपासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स सुरू झाल्या, त्या टीव्हीवर दिसतात. पण वेस्ट झोनची कबड्डीची पहिल्या फेरीची मॅच बघायला कोण असतं? दोन टीम, दोन मॅनेजर, पंच, यजमान कॉलेजची काही पोरं आणि बाजूला पुढच्या मॅचची वाट बघत पाय ताणणारे. टोस्टर नाही.

मी हे सांगतोय कारण माझा एक जवळचा मित्र तिथं खेळलाय. नाव घेत नाही, कॉलेजही सांगत नाही, त्यानं तशीच परवानगी दिलीय. शाळेत आम्ही एका बाकावर. मी नांदेडला बीटेकला गेलो, तो बीएला आणि कबड्डीला, असंच म्हणायला पाहिजे. रेडर होता. उंची बेताची, पण बोनस रेषेवर त्याचा पाय कधी गेला आणि कधी आला हे कॉर्नरला कळायचं नाही.

त्याच्या शेवटच्या वर्षी टीममध्ये निवड झाली. स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी सरावात उजवा गुडघा लचकला. सुजला. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, अरे नको खेळू, काय आहे त्यात, पुढच्या वर्षी बघ. तो म्हणाला, पुढच्या वर्षी कसलं, माझं कॉलेज संपतंय. आणि फॉर्म तीन पाहिजे.

मला तेव्हा फॉर्म तीन काय ते माहीत नव्हतं. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल, म्हणून नीट सांगतो. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीसाठी कोण पात्र, ह्याची यादी आहे. त्यात देशाकडून खेळलेले आहेत, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेले आहेत, आणि विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेलेही आहेत. प्रत्येकाचा प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना आहे. आंतरराष्ट्रीयसाठी फॉर्म एक, राष्ट्रीयसाठी दोन, आणि विद्यापीठासाठी तीन, ज्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची सही लागते. म्हणजे ज्या पोराच्या घरी तीन एकर कोरडवाहू आहे आणि स्पर्धा परीक्षेत मार्क काठावर येतात, त्याच्यासाठी वेस्ट झोनची ती कुणी न बघितलेली मॅच म्हणजे एका सरकारी नोकरीच्या दाराची किल्ली. मेडल मिळालं तर उत्तमच. पण आधी टीममध्ये नाव आणि प्रत्यक्ष खेळणं. तो बसला असता तर त्याच्या जागी राखीव खेळाडू गेला असता आणि फॉर्म त्याला मिळाला असता.

म्हणून तो क्रेप बँडेज बांधून गेला. पहिल्याच मॅचला, त्याच्या तिसऱ्या चढाईत, कव्हरनं मांडीला पकड घातली. हा वळला आणि पाय मॅटवर अडकला. तो सांगतो, आवाज आला, ओली काडी मोडल्यासारखा. एसीएल. तेच लिगामेंट, जे जेलन स्मिथचंही तुटलं होतं.

फॉर्म तीन त्याला मिळाला. व्यवस्थित लॅमिनेट करून ठेवलाय, मी बघितलाय. ऑपरेशनला घरच्यांनी जमवाजमव केली, ते झालं सात-आठ महिन्यांनी. पण खेळाडू कोट्याच्या भरतीत नुसता कागद चालत नाही, मैदानावर ट्रायल घेतात. तिथं तो दोनदा गेला. पळायला ठीक होता, पण रेड करताना अंग चोरतोय हे बघणाऱ्याला लगेच कळतं. आता तो हळदीच्या एका आडतीवर हिशोब बघतो. चांगलं चाललंय, लग्न ठरतंय. कुणी बिचारा वगैरे म्हटलेलं त्याला आवडत नाही.

मी खूप दिवस मनात दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघत होतो. एक पोरगा अशा मॅचमध्ये मोडला जिच्यातून त्याला काहीच मिळणार नव्हतं, पण लाखो लोक बघत होते. दुसरा अशा मॅचमध्ये मोडला जी पन्नास माणसंही बघत नव्हती, पण त्याचं सगळं तिच्यावर होतं. मकॅफ्रीला नाही म्हणता आलं, कारण त्याच्याकडं मॅचच्या बाहेर काहीतरी मोठं ठरलेलं होतं. माझ्या मित्राकडं बाहेर काय होतं? मीच त्याला फोनवर म्हणत होतो, नको खेळू. सोपं होतं मला. माझ्या हातात तेव्हा कॅम्पसचं ऑफर लेटर होतं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडेही आणायचा प्रयत्न झालाय. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची लीग निघाली, मॅच झाल्या श्रीलंकेत, आणि फायनलचं नाव एलिट बाऊल. जिंकलं कोण? पुणे मराठाज, दिल्ली डिफेंडर्सला हरवून. खरंच. पुढं ती लीग टिकली नाही. एक अख्खा बाऊल मराठी नावानं जिंकलाय आणि आपल्यातल्या कुणाला पत्ता नाही.

तर, मागच्या दिवाळीत मी मित्राला ती पॉप-टार्टची क्लिप दाखवली. रामलीला मैदानाजवळ चहाच्या टपरीवर. तो पुतळा टोस्टरमध्ये जाताना तो इतका हसला की चहा सांडला. परत बघितली. मग त्याला सगळं सांगितलं, जत्रा, कमिटी, चॅनेल, ६३-३, जेलन स्मिथ. जेलन स्मिथवर तो थांबला. विचारलं, कुठला पाय? मी म्हटलं, डावा. तो म्हणाला, माझा उजवा. मग विचारलं, त्याचं ऑपरेशन कधी केलं? मी म्हटलं, लगेच, आठवड्याभरात. विमा पण होता. हाव का, म्हणाला, आणि क्लिप परत सुरू केली.

मग थोड्या वेळानं म्हणाला, एक सांग, एवढं सगळं करतेत, टोस्टर काय, टीव्ही काय. पण हारलेल्या टीमच्या पोराला फॉर्म तीन मिळतो का?

मी म्हटलं, नाही रे. गिफ्टची पिशवी मिळते. साडेपाचशे डॉलरपर्यंतची.

किती होतेत?

मी मोबाईलवर हिशोब करून सांगितला. तो म्हणाला, म्हणजे एमआरआय निघतो.

बस, आजच्यापुरतं एवढंच. ह्या सीझनला कुणी वेस्ट झोन खेळायला जाणार असेल तर दोन गोष्टी. गुडघा सुजला असेल तर मॅनेजरच्या आधी डॉक्टरला दाखवा. आणि स्पर्धेहून आलं की फॉर्म तीनसाठी क्रीडा विभागात स्वतः जाऊन विचारा, कॉलेज सुटल्यावर चकरा मारणं अवघड होतं. पुढच्या एपिसोडला खो-खो. भेटू.